वाटीने मोजलेला अनुभव

मत्स्यसंवर्धनातील कार्यानुभव म्हणजे माशांविषयी तीन-चार वर्षे वाचत आलेल्या विद्यार्थ्याची माशाशी घालून दिलेली पहिली भेट. तोवर त्याने मासा दोनच ठिकाणी नीट पाहिलेला असतो. एक, प्रयोगशाळेतल्या फॉर्मॅलिनच्या बरणीत. दोन, प्रश्नपत्रिकेत, जिथे बाण काढून त्याच्या अवयवांना नावे द्यायची असतात. दोन्ही ठिकाणी मासा हलत नाही. कार्यानुभवात तो हलतो, आणि अडचणीला तिथून सुरुवात होते.

छत्रपती संभाजीनगरात मासे हा अभ्यासाचा विषय आहे, याचे परगावच्या माणसाला नवल वाटते. समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरहून जास्त लांब. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. शहरातल्या कित्येक वस्त्यांत नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या दिवशी येते, आणि त्या दिवशी घरातले एक माणूस रजा काढून पिंपे भरत बसते. अशा गावातली मुले पाण्यातल्या जिवांचा अभ्यास करतात, हे वाळवंटात होड्या विकण्यासारखे वाटते. पण शहराच्या दक्षिणेला पन्नास किलोमीटरवर पैठण आहे, आणि पैठणला गोदावरी अडवून केलेला नाथसागर आहे. तो ज्याच्यामागे साठतो त्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे सत्तावीस, आणि जलाशय भरला की पाण्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटर. संभाजीनगरचे पिण्याचे पाणी याच जलाशयातून येते. थोडक्यात, नाथसागरातल्या माशाला जे पाणी चोवीस तास मिळते, तेच त्याचा अभ्यास करणाऱ्याला आठवड्यातून एकदा, पाऊण तास, कमी दाबाने मिळते. अभ्यासकाच्या मनात अभ्यासविषयाबद्दल आदर निर्माण व्हायला एवढे पुरे आहे.

कार्यानुभवाला जायचे दोन मार्ग आहेत. पहिला मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीचा. ही पदवी मराठवाड्यात उदगीरला मिळते, विदर्भात नागपूरला आणि कोकणात रत्नागिरीजवळच्या शिरगावला. तिच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढतात. या बाहेर काढण्याला २०१५ पासून 'स्टुडंट रेडी' असे राष्ट्रीय नाव आहे. रेडी म्हणजे तयार असे कोणी समजू नये. ती आद्याक्षरे आहेत: रूरल, आंत्रप्रेन्युअरशिप, अवेअरनेस, डेव्हलपमेंट आणि योजना. पहिले चार शब्द इंग्रजी. पाचव्या अक्षरासाठी इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा आपली 'योजना' मदतीला धावली. दुसरा मार्ग शहरातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा. एम.एस्सी. प्राणिशास्त्रात मत्स्यशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्याच वर्षी प्रत्यक्ष कामाचे चार श्रेयांक मिळवावे लागतात. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे एकूण १२० तास.

या १२० तासांचा हिशेब कसा करायचा, यावर प्रत्येक तुकडीत पहिले दोन दिवस चर्चा चालते. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवसांत अनुभव पूर्ण होतो. पण तळ्यावरचे काम आठ तासांचे नसते. प्राणवायू मोजायचा तो पहाटे पाचला, जाळे ओढायचे ते उजाडताना, खाद्य टाकायचे सकाळी आणि संध्याकाळी. मधले सहा-सात तास मासा काही करत नाही आणि विद्यार्थी मोबाईलला रेंज शोधतो. रेंज शोधणे अनुभवात धरावे की नाही, याबद्दल परिपत्रकात स्पष्टता नाही. शिवाय कार्प जातीच्या माशांना अंडी घालायची असली की ते रात्री घालतात, आणि हजेरीपत्रकावर वेळ छापलेली असते दहा ते पाच. त्यामुळे ज्या रात्री विद्यार्थी खरोखर काही शिकतो ती रात्र कागदावर नसते, आणि जी दुपार कागदावर असते तीत तो लिंबाच्या झाडाखाली झोपलेला असतो. दोन्ही बाजूंची बेरीज शेवटी १२० भरते, आणि त्यावर सही होते.

जागा मिळवणे हे पहिले काम. 'माननीय महोदय' ने सुरू होणारी आणि 'आपला विश्वासू' ने संपणारी पत्रे निघतात: मत्स्यबीज केंद्राला, सहकारी मच्छीमार संस्थेला, शेततळ्यात मासे पाळणाऱ्या एखाद्या हौशी बागायतदाराला, शहरातल्या शोभिवंत माशांच्या दुकानाला. दुकानाला मागणी सगळ्यांत जास्त, कारण तिथे पंखा असतो. तिथे गेलेला विद्यार्थी काचेच्या टाक्या पुसायला शिकतो आणि गोल्डफिश वास्तुशास्त्राप्रमाणे कोणत्या दिशेला ठेवावा, हे ग्राहकाला अधिकारवाणीने सांगायला शिकतो. अहवालात याचे शीर्षक 'शोभिवंत मत्स्यव्यवसायातील विपणन व्यवस्थापन' असे येते.

घरची परवानगी हा वेगळा अध्याय आहे. मत्स्यशास्त्र घेणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांत माळकरी घरातली मुले पुष्कळ असतात. आजोबा वर्षानुवर्षे नाथषष्ठीला पैठणची वारी करणारे. नातू त्याच पैठणला माशाला इंजेक्शन द्यायला निघालेला. आई विचारते, "खायचे तर नाहीत ना रे?" नातू सांगतो, फक्त वाढवायचे आहेत. आजोबा खूश होतात, जीव वाढवणे पुण्याचेच काम. वाढवून पुढे काय करतात, हे विचारण्याइतके कोणी अडाणी नसते आणि सांगण्याइतके कोणी धीट नसते. परत आल्यावर त्याचे कपडे अंगणातच बादलीत पडतात, अंगाला लिंबू चोळले जाते, आणि तरीही वास जातो कुठे? तो वास मुख्यतः माशाचा नसतो, हे मात्र घरच्यांना कळत नाही. त्याबद्दल पुढे.

मुक्कामाला पोचल्यावर पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला तळे दाखवतात. बीज सोडण्यापूर्वीची तळ्याची तयारी हा पाठ्यपुस्तकातला आवडता प्रश्न, हमखास दहा गुणांचा. हेक्टरी शेंगदाणा पेंड ७५० किलो, ताजे शेण २०० किलो, सुपर फॉस्फेट ५० किलो, हे विद्यार्थ्याला झोपेतही पाठ असते. पुस्तकात जे लिहिलेले नसते ते असे, की पेंड आणि शेण दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालायचे, मग तो काला घमेल्याने तळ्यात फेकायचा, आणि फेकताना वाऱ्याची दिशा पाहायची. पाहिली नाही तर खत तळ्याला कमी आणि विद्यार्थ्याला जास्त बसते. घरच्या अंगणात बादलीतून येतो तो हाच वास. याने प्लवंग वाढतात, प्लवंग खाऊन जिरे, म्हणजे माशाचे अगदी लहान पिल्लू, वाढते, असा तो क्रम आहे. विद्यार्थी क्रमाच्या सुरुवातीलाच भिजलेला असतो.

खतानंतर साबण. जिरे सोडण्याआधी तळ्यातले पाणकिडे मारावे लागतात, कारण नखाएवढा पाणकिडा जिऱ्याचा फडशा पाडतो. त्यासाठी हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरतात. हवा घ्यायला वर आलेल्या किड्याला तेलाच्या थरातून श्वास घेता येत नाही. छप्पन्न किलो तेल हा आकडा परीक्षेत लिहायला सोपा. प्रत्यक्षात चार डबे तेल पाण्यात ओतताना विद्यार्थिनीचा हात थबकतो, कारण तिच्या आईने भजी तळून उरलेले तेल गाळून चार दिवस वापरलेले तिने पाहिलेले असते.

पाण्याची तपासणी हा विद्यार्थ्याच्या हक्काचा प्रांत, कारण इथे उपकरणे असतात आणि उपकरणे हाताळता येणारा तळ्यावर तोच एकटा असतो. सेक्की तबकडी हे त्यातले सगळ्यांत साधे: वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती, दोरीला बांधून पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की खोली वाचायची. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू खगोलशास्त्रज्ञाने तिची मूळ पांढरी आवृत्ती १८६५ साली पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात सोडली होती. समुद्राची नितळता पाहावी हा हेतू. पैठण तालुक्यातल्या शेततळ्यात ती सोडताना हेतू उलटा असतो: चकती फार खोलवर दिसली तर पाणी उपाशी, फार लवकर दिसेनाशी झाली तर गढूळ किंवा शेवाळलेले, फूटभर खोलीवर नाहीशी झाली तर बरे. बांधावर बसलेला शेतकरी हा खेळ थोडा वेळ पाहतो आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बोटे दिसतात का बघतो. त्याचे उत्तर तबकडीशी जुळते. विद्यार्थी ते वहीत तबकडीच्या नावावर लिहितो.

विरघळलेल्या प्राणवायूचे याहून अवघड. रात्रभर पाणवनस्पतीही श्वास घेतात, त्यामुळे पहाटे प्राणवायू सगळ्यांत कमी असतो आणि मोजायचा तेव्हाच. विंकलर पद्धतीत काचेच्या बाटलीत पाणी असे भरायचे की एकही बुडबुडा राहता कामा नये. मग रसायने घालायची, तपकिरी साका बसू द्यायचा, आम्ल घालायचे, मग थेंब थेंब करत रंग जाईपर्यंत मापायचे. हात गारठलेले, टॉर्च तोंडात, बुडबुडा हटत नाही. एखाद्या तळ्यावर होणारा संवाद साधारण असा:

"काय करायलात ताई?"

"प्राणवायू मोजतेय काका. वीस मिनिटं लागतील."

"मासे तोंडं वर काढून बसलेत की. मोटार चालू करू का तवर?"

वीस मिनिटांनी उत्तर येते: लिटरला दोन मिलिग्रॅम, चिंताजनक. तोवर काकांनी मोटार लावून पाण्याची धार तळ्यात सोडलेली असते आणि माशांनी तोंडे आत घेतलेली असतात. अहवालात 'वायुवीजनाची शिफारस करण्यात आली' असे वाक्य येते. वाक्य कर्मणी प्रयोगात असल्याने शिफारस कोणी केली हा प्रश्न उद्भवत नाही. मराठी व्याकरणाने विज्ञानावर केलेल्या उपकारांत याची नोंद व्हायला हवी.

कार्यानुभव पावसाळ्यात आला तर मत्स्यबीज केंद्रातली रात्र पाहायला मिळते. विद्यार्थ्याला पुढे नातवंडांना सांगण्यासारखे या साऱ्या प्रकरणात जे आहे ते एवढेच. कटला, रोहू, मृगळ हे कार्प मासे वाहत्या नदीला पूर आला की अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात ते वाढतात, पोसतात, अंड्यांनी फुगतात, पण घालायचे नाव घेत नाहीत. १९५७ साली ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी कार्पला पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन तळ्यात प्रजनन घडवले. तारीख १० जुलै. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याआधी मत्स्यबीज नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात कोणकोणत्या माशांची पिल्ले आली हे मोठे झाल्यावरच कळे. चौधुरींच्या पद्धतीत एका माशाला अंडी घालायला लावण्यासाठी दुसऱ्या माशाच्या डोक्यातून ग्रंथी काढावी लागत असे. आता तयार संप्रेरकाची कुपी मिळते.

संध्याकाळी जनक मासे तळ्यातून काढतात. नर-मादी ओळखण्याची परीक्षा इथे होते. पुस्तकाप्रमाणे नराचे छातीचे पर हाताला खरबरीत लागतात, मादीचे मऊ, आणि तिचे पोट फुगलेले. तीन किलोची कटला दोन्ही हातांत धरून तिचा पर खरबरीत आहे का हे शांतपणे ठरवणे ज्याला जमले, त्याला पुढे आयुष्यात कुठलीही मुलाखत अवघड जाऊ नये. बहुतेकांना पहिल्यांदा जमत नाही. मासा शेपटी मारतो, चष्मा तळ्यात जातो. चष्मे परत मिळत नाहीत. मादीला वजनानुसार औषध, किलोला अर्धा मिलिलिटर किंवा त्याहून कमी, पराच्या बुडाशी किंवा पाठीच्या मांसात. नराला आणखी कमी. ओल्या फडक्याने डोळे झाकले की मासा शांत राहतो. टोचणारा विद्यार्थी शांत राहावा म्हणून मात्र काही उपाय सांगितलेला नाही.

मग सिमेंटच्या गोल टाकीत मासे सोडतात आणि पाणी गोल फिरत ठेवतात, म्हणजे त्यांना नदी आल्यासारखे वाटते. या टाक्यांना चायनीज हॅचरी म्हणतात. 'चायनीज' या शब्दाचा संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला परिचय असतो तो गाडीवरच्या मंचुरियनवरून, त्यामुळे पहिल्या दिवशी कोणीतरी विनोद करतोच. रात्री सहा-सात तासांनी, दीड-दोनच्या सुमारास, पाणी एकाएकी खळबळते. नर मादीचा पाठलाग करतात, पृष्ठभागावर शेपट्या आपटतात, आणि टॉर्चच्या उजेडात पाण्यात साबुदाण्यासारखी अंडी फिरताना दिसू लागतात. त्या क्षणी गप्पा थांबतात. सकाळपासून कुरकुर करणारा मुलगासुद्धा टाकीच्या कठड्यावर हात टेकून गप्प उभा राहतो.

याच वेळी वीज जाते. वीज दरवेळी याच वेळी जाते असे नाही, पण ज्यांनी ही रात्र पाहिली त्यांच्या सांगण्यात ती कधी दुसऱ्या वेळी गेलेली ऐकू येत नाही. पाणी थांबले तर अंडी तळाशी बसतात आणि गुदमरतात. जनरेटरकडे एकजण पळतो, दोघे बादल्यांनी पाणी ओतून प्रवाह चालू ठेवतात, विद्यार्थी टॉर्च धरतो. टॉर्च धरणे हे काम कमी लेखू नये. रात्रीच्या अनुभवाचा बराच भाग टॉर्च धरण्यानेच मिळतो, माणसाच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरलाही सुरुवातीला तेच मिळते. चौदा ते अठरा तासांत अंडी फुटतात. त्यानंतर तीन दिवस पिल्लू पोटाशी असलेल्या पिशवीतल्या शिदोरीवर जगते. चौथ्या दिवशी ते खायला मागते आणि विक्रीला तयार होते.

या पिल्लाला मराठीत मत्स्यजिरे म्हणतात, आणि हा शब्द ज्याने शोधला त्याने स्वयंपाकघराकडे नीट पाहिलेले होते. आकार जिऱ्याएवढा, रंगही फोडणीत पडण्यापूर्वीचा. ते इंचभर वाढले की मत्स्यबीज, आणखी वाढले की अर्धबोटुकली, बोटाएवढे झाले की बोटुकली. कोणाच्या बोटाएवढे, हा वाद खरेदीदार आणि विकणारा यांच्यात प्रत्येक हंगामात होतो. खरेदीदार स्वतःचे मधले बोट पुढे करतो, विकणारा करंगळी.

पण मोठी गोष्ट मोजणीची. जिरे लाखांनी विकले जाते आणि लाखभर जिरे मोजत कोणी बसत नाही. त्यासाठी वाटी असते, तळाला जाळी असलेली, छोटी. एका वाटीत किती जिरे बसते ते एकदा मोजायचे, आणि पुढे फक्त वाट्या मोजायच्या. ती पहिली वाटी मोजणे हे विद्यार्थ्याचे काम. पांढऱ्या थाळीत जिरे पसरून चमच्याने एकेक बाजूला करत तो मोजतो. सातशे चाळीसपर्यंत आल्यावर कोणीतरी हाक मारते आणि आकडा विसरतो. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा जिरे थाळीभर फिरून मिसळते. तिसऱ्यांदा केंद्रावरचे जुने मामा वाटी हातात घेऊन तिच्याकडे पाहतात आणि एक आकडा सांगतात. तो आकडा विद्यार्थी वहीत लिहितो, आणि विश्वासार्ह दिसावा म्हणून त्यात सतरा मिळवतो. गोल आकड्याला परीक्षक हसतात, सतरा जोडलेल्या आकड्याला विचारीत नाहीत.

वाटी भरण्याचेही शास्त्र आहे. विकणारा वाटी पाण्यातून झटकन उचलतो, तेव्हा जाळीत पाणी राहते. घेणारा म्हणतो, थांबा, पाणी निथळू द्या. निथळू दिले तर जिरे गुदमरते, न दिले तर पाण्याचे पैसे पडतात. या दोन टोकांच्या मध्ये दोन-तीन सेकंद असतात आणि त्या सेकंदांत होणारा व्यवहार अर्थशास्त्राच्या कुठल्याही प्रकरणापेक्षा सरस असतो. विद्यार्थी तो डोळे भरून पाहतो आणि अहवालात 'नमुना पद्धतीने गणना' असे लिहितो. त्याच्या स्वतःच्या १२० तासांची गणनाही याच पद्धतीने होणार असते, हे त्याच्या लक्षात येते तेव्हा वाटीबद्दल त्याला आपुलकी वाटू लागते.

मोजलेले बीज प्लास्टिकच्या पिशवीत भरतात: तळाला थोडे पाणी, वर प्राणवायू, तोंडाला सुतळी. आदल्या दिवशी पिल्लांना उपाशी ठेवतात, म्हणजे प्रवासात पाणी घाण होत नाही, एस.टी.ने लांब जाणारी माणसेही हे पथ्य पाळतात. पिशवी शेतकऱ्याच्या गावी पोचवायची जबाबदारी पुष्कळदा विद्यार्थ्यावर येते. ती मांडीवर घेऊन तो एस.टी.त बसतो, आणि शेजारचे आजोबा पिशवीतली काळी वळवळ बघून हळूच सीट बदलतात. वाहक विचारतो, "यात काय?" खरे उत्तर दिले तर सामानाचे तिकीट काढायचे की प्रवाशांचे, हा प्रश्न उभा राहील म्हणून तो "प्रॅक्टिकल" असे सांगतो. गावी पोचल्यावर पिशवी लगेच फोडायची नसते. पंधरा-वीस मिनिटे ती तळ्यात तशीच तरंगू द्यायची, आतल्या-बाहेरच्या पाण्याचे तापमान सारखे होऊ द्यायचे. शेतकरी तेवढ्यात चहा मागवतो.

शेततळे हे मराठवाड्यातल्या कार्यानुभवाचे खास वैशिष्ट्य आहे. कोकणातल्या विद्यार्थ्याला खाडी मिळते, इथल्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला चौकोनी खड्डा. मोसंबी, डाळिंब, द्राक्षे जगवायला खणलेला. उन्हाळ्यासाठी साठवलेल्या पाण्यात मासे सोडून जास्तीचे चार पैसे मिळवायचे, अशी कल्पना. पण पाणी मोसंबीचे आहे, हे माशाला आधीच समजावून सांगता येत नाही. मार्चमध्ये मासा वाढीला लागतो आणि मार्चमध्येच बागेला पाणी लागते. दोघांची पातळी एकाच वेळी खाली येऊ लागते. वरच्या बाजूला नाशिक-नगरची धरणे भरलेली असताना जायकवाडी ऑक्टोबरमध्ये ६५ टक्क्यांवर आहे की नाही, यावरून तुटीच्या वर्षी जो वाद रंगतो, तोच वाद इथे अर्ध्या एकरात मोसंबी आणि रोहू यांच्यात छोट्या प्रमाणावर चालतो. न्यायनिवाडा शेतकरी करतो आणि रोहूच्या बाजूने क्वचितच.

अशा तळ्याच्या कडेचा कागद शेवाळाने बुळबुळीत असतो. उतरणारा विद्यार्थी वर येताना खाली जातो. यात विनोद शोधू नये: प्लास्टिकच्या शेततळ्यात पोहणारी माणसेही बुडालेली आहेत, कारण धरायला काही नसते. म्हणून कडेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधलेली आहे का, हे बघूनच चांगला मार्गदर्शक मुलांना पाण्याजवळ जाऊ देतो. दोर नसलेल्या तळ्यावर सेक्की तबकडी शेतकऱ्याच्या हातून सोडावी. त्याचे कोपर आहेच.

ग्रामीण भागात राहून गावाचा अभ्यास करणे हा पदवीच्या कार्यानुभवाचा आणखी एक भाग. याची परंपरा कृषी महाविद्यालयांकडून आली आहे. कृषीच्या मुलांना गावात 'कृषिदूत' म्हणतात, मुलींना 'कृषिकन्या'. वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर त्यांचे फोटो दरवर्षी येतात, खाली सगळ्यांची नावे, प्राचार्यांच्या नावासह. त्याच न्यायाने मत्स्यविज्ञानाच्या मुलांना 'मत्स्यदूत' म्हणता येईल. मुलींच्या बाबतीत तो न्याय लावला की 'मत्स्यकन्या' होते, आणि गावातली लहान मुले त्यांच्या पायांकडे पाहू लागतात. ग्रामपंचायतीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा असतो: मंदिर पिवळे, शाळा गुलाबी, पाझर तलाव निळा. तलाव जानेवारीनंतर कोरडा असला तरी नकाशात निळाच काढतात, कारण रांगोळीच्या पुड्यांत चिखलाचा रंग मिळत नाही. नकाशा पूर्ण झाल्यावर त्याचा फोटो निघेपर्यंत गावातल्या कोंबड्यांना दूर ठेवणे हे सर्वांत कनिष्ठ विद्यार्थ्याचे काम.

मग गावकऱ्यांना मार्गदर्शन. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा दिला, हे विद्यार्थी उत्साहाने सांगतो. पारावरून प्रश्न येतो, "मग सातबाऱ्यावर मासा लागतो का आता?" दुसरा विचारतो, गारपीट झाली तर पंचनामा होईल का. तिसरा म्हणतो, मासे टाकले तर मोटारीत अडकतात का आणि त्या पाण्याने कोथिंबिरीला वास येतो का. यातला शेवटचा प्रश्न खरा असतो, बाकी पारावरचा वेळ. त्याचे उत्तर, की फुटव्हॉल्व्हला जाळी लावावी आणि कोथिंबिरीला वास येत नाही, उलट माशाच्या पाण्यात खताचा अंश असतो, हे ज्या विद्यार्थ्याला पटकन देता येते त्याला संध्याकाळचे जेवण घरटी मिळते.

शेवटचा टप्पा मच्छीमारांसोबतचा. पैठणच्या बाजूला नाथसागरावर भोई आणि इतर मच्छीमार कुटुंबे पिढ्यान्पिढ्या, म्हणजे धरणाआधी गोदावरीवर आणि धरणानंतर जलाशयावर, मासे धरत आली आहेत. पहाटे रात्री लावलेली जाळी काढायला होडी निघते. विद्यार्थ्याला मध्यभागी बसवतात आणि हलू नको म्हणून सांगतात, जसे प्रयोगशाळेतल्या माशाला सांगावे लागत नसे. जाळ्यात काय येते त्याची यादी करायची असते. विद्यार्थ्याकडे कार्पांची छापील यादी तयार असते. जाळ्यात निम्म्याहून जास्त चिलापी येते. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेचा मासा, १९५२ साली भारतात आणला. अभ्यासक्रमात तो 'विदेशी जाती' या पोटशीर्षकाखाली पाहुणा म्हणून दीड पानात आटोपतो. पाण्यात तो घरमालक आहे आणि कटला-रोहू भाडेकरू. मध्येच एखादी वांब येते, सापासारखी, आणि विद्यार्थी हलतो. मरळ आला तर ती टोपली वेगळी ठेवतात, कारण बाजारात त्याचा भाव वेगळा असतो. शास्त्रीय नावे होडीत कोणाला नको असतात, पण मरळाची हाडे कमी आणि चव चांगली का, हे सांगणारा प्राध्यापक मात्र होडीत प्रत्येकजण असतो.

उतरल्यावर सोसायटीच्या काट्यावर वजन. इथे प्रथमच विद्यार्थ्यासमोर वाटीऐवजी काटा येतो आणि आकडा नेमका येतो. व्यापारी तो नेमका आकडा पाहतो आणि बर्फाचे, पाण्याचे, खराब मालाचे म्हणून काही किलो वजा करतो. म्हणजे पुन्हा अंदाज.

मूल्यमापन तोंडी होते. अहवाल स्पायरल बाइंडिंगचा, शीर्षक तीन ओळींचे, छायाचित्रे रंगीत. प्रत्येक छायाचित्रात विद्यार्थी दोन्ही हातांनी मासा धरून कॅमेऱ्याकडे पाहतो आहे आणि मासा दुसरीकडे. पण मुरलेले परीक्षक अहवाल बाजूला ठेवतात आणि दैनंदिनी मागतात. तिचा पुठ्ठा फुगलेला आहे का, पाने एकमेकांना चिकटून लाटांसारखी झाली आहेत का, मधल्या पानावर शेणाच्या काल्याचा डाग आहे का, हे पाहतात. काहीजण ती नाकाजवळही नेतात. सपाट, कोरडी, सुवासिक दैनंदिनी असेल तर दोन प्रश्न जास्त विचारले जातात. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री काही विद्यार्थी वहीवर पाणी शिंपडतात. त्यातही अडचण अशी, की त्यासाठी त्या दिवशी शहरात नळाला पाणी यावे लागते.